पास्तोरा पावोन उर्फ ‘ला निन्या दे लोस पेइनेस’: लोर्काच्या गोष्टीतली ही गायिका खरंच कोण होती?

पेटीवाले_नगर

नमस्कार मंडळी. मी नगरला पेटी शिकवतो, थोडं गाणंही. मध्यंतरी स्पॅनिश कवी लोर्काचं ‘दुएंदे’वरचं, म्हणजे गाणाऱ्याच्या आतून उसळणाऱ्या गूढ शक्तीवरचं भाषण वाचायला मिळालं. त्यात एक प्रसंग आहे. कादिसमधल्या एका गुत्त्यात पास्तोरा पावोन नावाची गायिका गाते. आवाज अप्रतिम, सगळं जागच्या जागी, पण ऐकणारे ढिम्म. तेवढ्यात एक ठेंगणा माणूस खवचटपणे हळूच म्हणतो, ‘पॅरिस झिंदाबाद!’ म्हणजे काय, की कसब दिसलं, पण आम्हाला हवं होतं ते हे नाही. बाई वेड्यासारखी उठते, जळजळीत दारूचा मोठा पेला एका दमात रिकामा करते आणि मग आवाज नाही, दम नाही, घसा पेटलेला, अशा अवस्थेत गाते. मग मात्र लोक कपडे फाडायचे बाकी राहतात.

मी हे वर्गात वाचून दाखवलं. एका मुलीनं लगेच विचारलं, ‘सर, शेवटी सगळं मोडूनच गायचं असेल तर आम्ही पलटे कशाला घोटायचे?’ मी तिला काहीतरी उत्तर दिलं, पण ते मलाच पुरलं नाही.

तर प्रश्न असे: या बाईचं आयुष्य कसं होतं? तिचं गाणं आज ऐकायला मिळतं का, आणि सुरुवात कुठून करावी? फ्लामेंको, म्हणजे ती गायची तो दक्षिण स्पेनचा गाण्या-नाचाचा प्रकार, मूळ आपल्याकडचंच असं बरेच जण सांगतात, त्यात तथ्य किती?

जुनी_तबकडी

ऐकायला भरपूर मिळतं, काळजी नको. १९१० च्या सुमारापासून १९५० पर्यंत पास्तोराबाई सतत ध्वनिमुद्रण करत होत्या. एकूण २५८ गाणी मोजली जातात. सगळी ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांवर, म्हणजे एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. साथीला त्या त्या काळातले सर्वांत मोठे गिटारवादक: रामोन मोंतोया, लुइस मोलिना, कुर्रितो एल दे ला हेरोमा, मानोलो दे बादाहोस, निन्यो रिकार्दो, शेवटी मेल्चोर दे मार्चेना. फ्लामेंको गिटार चाळीस वर्षांत कशी बदलत गेली हेसुद्धा या एकाच बाईच्या तबकड्यांवरून कळतं. नेटवर शोधलंत तर बहुतेक सगळं सापडेल. खरखर आहे, पण पाचव्या मिनिटाला कान सरावतो.

आयुष्याबद्दल आपल्या मिरजेच्या ताई लिहितील. त्या स्पेनमध्ये सेव्हिललाच राहतात.

मिरजेची_सेव्हिलात

लिहिते. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे लांबेल.

पास्तोरा पावोन क्रूस. जन्म १० फेब्रुवारी १८९०, सेव्हिल शहरात. घर खितानो, म्हणजे स्पेनमधल्या रोमा लोकांचं. आई आराआल गावची. थोरला भाऊ आर्तुरो गाणारा, धाकटा तोमासही गाणारा. घरात पैसा नव्हता, त्यामुळे पोर आठ-नऊ वर्षांची असतानाच सेव्हिलच्या जत्रेत आणि गुत्त्यांमध्ये गायला लागली. हौसेनं बाहेर पडलेली ही मुलगी नाही. तिच्या गाण्यावर घरची चूल चालायची. तिचं नाव घेताना ही गोष्ट मला नेहमी आधी आठवते, कारण पुढे जे काही झालं त्याच्या मुळाशी ही मिळवती पोर आहे.

त्या वेळी फ्लामेंकोचा धंदा चालायचा ‘काफे कांतांते’मध्ये. गाणं, नाच आणि दारू, सगळं एका छताखाली. सिल्वेरिओ फ्रांकोनेत्ती नावाच्या गायकानं १८८१ मध्ये सेव्हिलमध्ये स्वतःचा काफे काढला आणि गाणं घरगुती बैठकीतून पगारी मंचावर आणण्यात त्याचा वाटा फार मोठा. तो १८८९ मध्ये वारला, पुढच्याच वर्षी पास्तोरा जन्मली. तिला तयार मंच मिळाला खरा, पण तो कसला? रात्री उशिरापर्यंत, धुरात, पेल्यांच्या आवाजात, समोर पैसे मोजून आलेली पुरुषमंडळी. तिथं टिकायचं तर एकाच चालीवर भागत नाही. कोणी सोलेआ मागणार, कोणी तांगो, कोणी मालागेन्या, म्हणजे फ्लामेंकोतले वेगवेगळे गायनप्रकार. सगळं यावं लागतं आणि रोज यावं लागतं.

नावाचं सांगते. ‘निन्या दे लोस पेइनेस’ म्हणजे कंगव्यांची पोर. माद्रिदच्या काफे दे ला मारिनामध्ये ती एक तांगो गायची, त्यात ‘माझ्या कंगव्यांनी केस विंचर, माझे कंगवे साखरेचे’ अशा ओळी होत्या. लोकांनी तेच नाव चिकटवलं. तिला स्वतःला ते फारसं आवडत नव्हतं म्हणतात. म्हणून मी तिला पास्तोराच म्हणते. इथे जुनी माणसंही नुसतं ‘पास्तोरा’ म्हणतात, आडनाव लावावं लागत नाही.

आता ती शिकली कोणाकडून? गुरू-शिष्य असा गंडा नाही, सगळं कानानं. पहिला अर्थातच आर्तुरो. पण त्या पिढीसमोर दोन डोंगर होते, दोघेही आंदालुसियातल्या, म्हणजे दक्षिण स्पेनमधल्या, खेरेस गावचे. एक आंतोनिओ चाकोन (१८६९–१९२९). खितानो नव्हता, उंच, गोड, लवचिक गळा, मालागेन्या आणि ग्रानाइना या प्रकारांत त्याचा हात धरणारा कोणी नाही. दुसरा मानुएल तोर्रे (१८७८–१९३३). खितानो, सेगिरिया या गंभीर गायनप्रकाराचा बादशहा, आणि अतिशय बेभरवशाचा. लागला तर अंगावर काटा, नाहीतर रात्रभर काहीच नाही. रसिकांचे सरळ दोन तट होते. पास्तोरानं दोघांचंही घेतलं. चाकोनची बांधेसूद, लांब पल्ल्याची चाल आणि तोर्रेचा तो रखरखीत, आतून खरवडून येणारा सूर. शिवाय सेगिरिया हा पुरुषी गळ्याचा प्रांत समजला जाई, त्यात ती बिनदिक्कत शिरली. बुलेरिया हा त्या वेळी नवखा, थट्टेवारी नेला जाणारा प्रकार होता. त्याला तिनं वजन दिलं, नाटकगृहातली लोकप्रिय गाणीसुद्धा बुलेरियाच्या ठेक्यात बसवून दाखवली. आंदालुसियाच्या खेड्यांत झोका घेताना गायची गाणी असत, त्यांना फ्लामेंकोत आणून ‘बांबेरा’ हा प्रकार तिनं रूढ केला. पेतेनेरा या प्रकाराची आज जी चाल आपण ऐकतो तीही मुख्यतः तिच्यामुळे टिकली.

म्हणून लोर्काची ती गोष्ट मला आवडते आणि तिचा थोडा रागही येतो. पेटीवाले दादा, तुमच्या विद्यार्थिनीचा प्रश्न अगदी बरोबर जागी लागला आहे. त्याच भाषणात लोर्का आधी तिच्या आवाजाचं वर्णन करतो: सावलीचा आवाज, वितळलेल्या कथलाचा आवाज, शेवाळानं झाकलेला आवाज. ती त्याच्याशी खेळत होती असंही म्हणतो. त्या रात्री तिनं जे मोडलं ते तिच्यापाशी होतं म्हणून मोडता आलं. गुत्त्यातल्या दुसऱ्या कोणी तेवढीच दारू पिऊन तसंच गायलं असतं तर तो नुसता आरडाओरडा झाला असता. हा प्रसंग जगभर गेला आणि पास्तोरा म्हणजे अंगात आलेली बाई अशी प्रतिमा बसली. तबकड्या दुसरंच काही सांगतात. चाळीस वर्षं, तीन मिनिटांच्या मर्यादेत, एकही ओळ ठेक्याबाहेर न जाता गाणारी बाई अंगात येण्यावर अवलंबून राहू शकत नाही. त्या मुलीला सांगा, पलटे घोटायचेच.

इथल्या एका पेन्यात, म्हणजे रसिकांच्या मंडळात, मी अधूनमधून जाते. तिथं कधी कधी जुन्या तबकड्या लावतात. ऐंशीच्या आसपासचे दोन-तीन आजोबा असतात, तळवे पोकळ धरून दबक्या टाळ्यांनी ठेका धरतात. पास्तोराची सोलेआ चालू असताना त्यांची ‘ओले’ कुठे येते ते मी नीट पाहिलं. वरच्या सुरावर येत नाही. ती एखादा शब्द ठेक्याच्या किंचित मागे ठेवते, आता चुकली असं वाटतं, आणि मग एकाच श्वासात चार-पाच सूर उतरून दहाव्या मात्रेवर अलगद येऊन बसते. दाद तिथं येते, तीही ओरडून नाही, पुटपुटत. आपल्या बैठकीत समेच्या आधी मान हलते ना, अगदी तीच जागा.

पेटीवाले_नगर

ताई, मनापासून आभार. हे तुमचं उत्तर उद्या वर्गात वाचतो. ‘दहावी मात्रा’ म्हणालात, म्हणजे ताल नक्की कसा मोजतात? आणि पेटीवर हे सूर कसे शोधू?

मिरजेची_सेव्हिलात

सोलेआ बारा मात्रांची, पण एकतालासारखी मोजू नका, फसाल. जोर ३, ६, ८, १०, १२ या मात्रांवर. म्हणजे आधी तीन-तीनचे दोन तुकडे, मग दोन-दोनचे तीन. ओळ बहुतेक दहाव्यावर टेकते, अकरा-बारा गिटारच्या उत्तराला. बुलेरियाही हीच, फक्त पळती. सेगिरियातही बाराच, पण तुकडे दोन, दोन, तीन, तीन, दोन असे, त्यामुळे सतत लंगडत चालल्यासारखी वाटते. तांगो सरळ चार मात्रांचा, तुमच्या मुलांना तो लगेच धरता येईल.

सुरांचं तर तुम्हाला सोपं जाईल. कोणताही सा धरा. कोमल रे, कोमल ध, कोमल नी, मध्यम शुद्ध. गिटार उतरते ती म, कोमल ग, कोमल रे, सा अशी, आणि प्रत्येक पायरीवर एक कॉर्ड. इथवर भैरवी. पण शेवटच्या सा वरचा कॉर्ड शुद्ध गंधाराचा असतो, आणि गायिकाही तिथं घोळताना शुद्ध ग घेते. तेवढ्यापुरतं एकदम बसंत मुखारी रागाचं अंग दिसतं. कोमल ग आणि शुद्ध ग यांची ही ये-जा कानात बसली की अर्धं काम झालं. मात्र पास्तोरा कुठल्याच पट्टीवर पेटीसारखी नेमकी उभी राहत नाही. कोमल रे तर ती इतका खाली खेचते की पेटीवर सापडणारच नाही. गळ्यानंच काढून दाखवा.

सुरुवातीला माझ्या मते हा क्रम धरा. आधी तांगो, कारण ठेका सोपा आणि तिचा मिश्कीलपणा लगेच भेटतो. मग पेतेनेरा. त्यातल्या एका कडव्याचा आशय असा: हे जग पुरतं नाकारावं, पुन्हा नव्यानं राहायला यावं, आणि नव्या जगात जरा जास्त सत्य मिळतं का ते पाहावं. खितानो कलाकारांत पेतेनेरा अपशकुनी मानतात, अजूनही काहीजण गात नाहीत, कोणी गायला लागलं तर उठून जातात. पास्तोरानं ती गायली, तीही अशी की तिच्यामागून सगळ्यांना तीच नक्कल करावी लागली. त्यानंतर सोलेआ, आणि कान तयार झाल्यावर सेगिरिया.

जुनी_तबकडी

तीन मिनिटांचा मुद्दा ताईंनी बरोबर धरला. मिरजेच्याच अब्दुल करीम खाँसाहेबांच्या तबकड्या आठवा. सगळा राग तेवढ्यात उभा करायचा म्हणजे काय ताकद लागते. पास्तोराबाईंच्या तबकडीवरही आधी गिटारचा छोटा तुकडा, मग गळा तापवणारा ‘आय...’, मग तीन-चार कडवी चढत्या क्रमानं, आणि शेवटचं कडवं सर्वांत अवघड. बैठकीत असं आखून कोणी गात नाही. तबकडीसाठी रचना करावी लागते, आणि ती रचना करणाऱ्या पहिल्या पिढीत ही बाई आहे.

एक प्रश्न मात्र माझाही. १९२२ च्या ग्रानादाच्या स्पर्धेत ती होती का? नाव सगळीकडे येतं, पण बक्षीस दिसत नाही.

मिरजेची_सेव्हिलात

होती, पण स्पर्धक म्हणून नव्हे. संगीतकार मानुएल दे फाया आणि तेव्हा चोविशीतला लोर्का यांनी १३ आणि १४ जून १९२२ ला अल्हम्ब्राच्या आवारात ‘कांते होंदो’ची, म्हणजे खोल, गंभीर गाण्याची स्पर्धा भरवली. त्यांना वाटत होतं की काफे आणि नाटकगृहांनी हे गाणं नासवलं, शुद्ध गाणं खेड्यात राहिलंय. म्हणून व्यावसायिकांना स्पर्धेत मज्जाव. मुख्य बक्षिसं मिळाली ती दोघांना: ‘एल तेनासास’ नावाचा एक म्हातारा आणि बारा वर्षांचा मानोलो काराकोल, जो पुढे फार मोठा गायक झाला. परीक्षकांच्या प्रमुखपदी चाकोन. पास्तोरा आणि मानुएल तोर्रे पाहुणे कलाकार म्हणून गायले.

यातली विसंगती मला फार बोचते. ज्या मंचानं गाणं बिघडवलं असं आयोजक म्हणत होते, त्याच मंचानं चाकोन, तोर्रे आणि पास्तोरा घडवले. आणि शुद्ध गाणं कसं असतं हे ऐकवायला बोलवावं लागलं ते त्यांनाच. सोलेआ, सेगिरिया, तोना हे प्रकार खेड्यातल्या अंगणात कसे होते हे आज कोणालाच ऐकता येत नाही. ते जतन झाले ते पोटासाठी गाणाऱ्यांच्या गळ्यात. मला वाटतं फायांची तळमळ खरी होती, पण रोगाचं निदान चुकलं. पुढे १९२० आणि ३० च्या दशकांत फ्लामेंको बैलझुंजीच्या रिंगणात आणि मोठ्या नाटकगृहांत गेलं, ‘ओपेरा फ्लामेंका’ नावाखाली. पास्तोरा तिथंही गायली, हजारो लोकांपुढे. गाणं पातळ झालं अशी ओरड आजही होते. तिच्या त्या काळातल्या तबकड्या ऐका आणि ठरवा.

भाषेचा_नाद

मूळ भारतीय का, हा तिसरा प्रश्न राहिला. रोमा भाषेचं नातं आपल्या उत्तर भारतीय भाषांशी आहे हे पक्कं आहे, आकडे आणि नात्यांची नावं पाहिली तरी लगेच ओळखीची वाटतात. रोमा लोक स्पेनमध्ये पोचल्याची पहिली नोंद १४२५ ची. पण फ्लामेंको म्हणून जे आपण ओळखतो ते आंदालुसियात अठराव्या-एकोणिसाव्या शतकात घडलं. त्यात स्थानिक लोकगीतं आहेत, फांदांगो हा स्पॅनिश गाण्या-नाचाचा प्रकार आहे, अरबी-ज्यू काळाचा वारसा आहे, अमेरिकेतून परत आलेल्या चाली आहेत. कथ्थक तिथं जाऊन फ्लामेंको झालं हे विधान ऐकायला छान, पण त्याला आधार नाही. मधली तीन-चारशे वर्षं त्या माणसांनी तिथं जगण्यात घालवली, छळ सोसला, ती वर्षं अशी पुसून टाकू नयेत.

मिरजेची_सेव्हिलात

शंभर टक्के सहमत. इथल्या खितानो माणसाला ‘तुमचं गाणं मूळ आमचं’ असं सांगणं म्हणजे त्याच्या पणजोबांचं काम हिसकावणं आहे. मी भारतातली म्हटल्यावर ते स्वतः प्रेमानं जवळीक दाखवतात, तेवढी पुरे.

पेटीवाले_नगर

शेवटचा प्रश्न. तिचा उत्तरार्ध कसा गेला? आपल्याकडच्या त्या पिढीतल्या गायिकांच्या हकिगती माहीत आहेत म्हणून विचारायला धास्ती वाटते.

मिरजेची_सेव्हिलात

तितका वाईट नाही. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तिनं पेपे पिंतो या गायकाशी लग्न केलं. तो तिच्याहून तेरा वर्षांनी लहान, लोकप्रिय, आणि तिचा मान सांभाळणारा. स्पेनमधल्या यादवी युद्धानंतर ती मंचावरून हळूहळू बाजूला झाली. १९४९ मध्ये ‘एस्पान्या इ सु कांताओरा’ हा कार्यक्रम घेऊन परत आली, पण लोकांची आवड बदललेली होती, तो चालला नाही. पिंतोचा सेव्हिलच्या भर चौकात, ला कांपानापाशी बार होता. बाई तिथं बसायची आणि गायक मंडळी तिला भेटायला यायची. मंचावर नसली तरी होली वीकमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या आठवड्यात, साएताची आठवण निघाली की तिचंच नाव निघे. साएता म्हणजे मिरवणुकीतली मूर्ती गच्चीखाली थांबते, बँड गप्प होतो आणि वरून कोणीतरी साथीशिवाय गातं. मी गल्लीत गर्दीत चेंगरून हे ऐकलंय. साथ नाही, मायक्रोफोन नाही, खाली शेकडो माणसं, आणि पहिलाच सूर उंचावर लावायचा. पास्तोराच्या साएतांच्या तबकड्याही आहेत, त्या जरूर ऐका.

१९६१ मध्ये कोर्दोबात तिचा मोठा सत्कार झाला. १९६८ मध्ये सेव्हिलच्या आलामेदा दे एर्कुलेस चौकात आंतोनिओ इल्यानेस या शिल्पकारानं केलेला तिचा पुतळा उभा राहिला, ती हयात असताना. पण तोवर स्मृती पार गेलेली होती. ऑक्टोबर १९६९ मध्ये पिंतो वारला आणि २६ नोव्हेंबरला ती. १९९९ मध्ये आंदालुसियाच्या सरकारनं तिच्या ध्वनिमुद्रित आवाजाला सांस्कृतिक वारसा म्हणून कायदेशीर संरक्षण दिलं. इमारतींना आणि चित्रांना देतात तसं, आवाजाला. २०१० मध्ये युनेस्कोनं फ्लामेंकोला वारशाच्या यादीत घेतलं त्याच्या कितीतरी आधी.

दादा, आणखी एक. वर्गात पास्तोरा ऐकवाल तेव्हा तिचा धाकटा भाऊ तोमास पावोन (१८९३–१९५२) ऐकवायला विसरू नका. त्याला मंचाची नावड, गर्दीपुढे गायला नको असायचं, आपल्या चार माणसांत मन लागलं तर गायचा. तबकड्या मोजक्याच. त्यात ‘देब्ला’ शोधा. तोनाच्या घराण्यातला प्रकार, गिटारशिवाय गायचा, मोकळ्या लयीत. बहीण सगळ्या प्रकारांत फिरली, भावानं थोडंच घेतलं आणि तिथंच खोल गेला. कोण मोठं यावर इथल्या पेन्यात अजून वाद होतात, आणि मी पास्तोराच्या बाजूनं भांडते. तुमची विद्यार्थिनी कोणाच्या बाजूला जाते ते इथं नक्की लिहा.